स्वस्त पीसी धडाधड विकला जातो, मग शेअर का पडतो? ई-मशीन्स, गेटवे आणि एसरची गोष्ट

समजा एका कंपनीने बाजारात निम्म्या किमतीत कॉम्प्युटर आणला. दुकानांत उड्या पडल्या. बातमी आली, ‘विक्री दुप्पट, कंपनी आघाडीवर’. आपल्या मनात पहिला विचार काय येतो? इतका माल खपतोय म्हणजे कंपनी बक्कळ कमावत असणार, शेअर घेऊन टाकूया!

विचार साहजिक आहे. पण मार्च २००० मध्ये अमेरिकेत ज्यांनी नेमका हा विचार करून ‘ई-मशीन्स’ या कंपनीचा शेअर आयपीओमध्ये ९ डॉलरला घेतला, त्यांना दोन वर्षांच्या आत त्याच शेअरचे १ डॉलर ६ सेंट घेऊन घरी जावं लागलं. म्हणजे ९०० डॉलर गुंतवले असतील, तर हातात आले १०६. आणि गंमत म्हणजे कंपनीचे कॉम्प्युटर खपत नव्हते म्हणून हे झालं नाही. कॉम्प्युटर लाखांनी खपले होते.

मग पैसा गेला कुठे? आज हेच समजून घेऊया. कारण स्वस्त लॅपटॉप, स्वस्त टॅब्लेट, स्वस्त मोबाईल बनवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरची चर्चा आजही चालू असते, आणि हिशोब मात्र तोच जुना आहे.

१००० डॉलरची भिंत पडली कशी?

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत घरासाठी चांगला पीसी घ्यायचा तर दीड-दोन हजार डॉलर सहज लागायचे. फेब्रुवारी १९९७ मध्ये कॉम्पॅक कंपनीने ‘प्रेसारिओ २१००’ हा पीसी ९९९ डॉलरला आणला. मॉनिटर वेगळा घ्यायचा, आणि आत इंटेलचा नव्हे तर सायरिक्स कंपनीचा ‘मीडियाजीएक्स’ प्रोसेसर होता. इंटेलशिवाय पीसी विकता येतो आणि लोक तो घेतातही, हे यातून दिसलं.

इंटेल गप्प बसणार नव्हती. एप्रिल १९९८ मध्ये तिने स्वस्त पीसींसाठी ‘सेलेरॉन’ आणला. पुढच्याच महिन्यात एएमडीचा ‘के६-२’ आला. प्रोसेसरच्या किमती खाली आल्या, हार्ड डिस्क आणि रॅमही स्वस्त होत होत्या.

अशा वेळी १९९८ मध्ये ई-मशीन्सचा जन्म झाला. तिच्या मागे दोन कोरियन कंपन्या होत्या. ट्रायजेम पीसी बनवायची आणि केडीएस मॉनिटर. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात कोरियाचं चलन, वॉन, घसरलं होतं. त्यामुळे कोरियात बनलेला माल डॉलरमध्ये स्वस्त पडत होता. ई-मशीन्सने थेट ३९९, ४९९ आणि ५९९ डॉलरचे पीसी दुकानांत मांडले. इतर कंपन्या १००० डॉलरखाली उतरताना घाम पुसत होत्या, आणि ही पोरगेली कंपनी ४०० वर येऊन उभी राहिली.

त्यात भर म्हणजे इंटरनेट सेवा देणाऱ्यांची ऑफर. १९९९ मध्ये कॉम्प्युसर्व्हचं तीन वर्षांचं कनेक्शन घेतलं तर पीसीवर ४०० डॉलरची सूट मिळायची. म्हणजे ३९९ चा पीसी जवळजवळ फुकट! बघता बघता ई-मशीन्स अमेरिकेच्या दुकानांतून पीसी विकणाऱ्या आघाडीच्या कंपन्यांमध्ये जाऊन बसली.

तेजीवाले काय म्हणत होते, मंदीवाले काय म्हणत होते?

कुठल्याही शेअरच्या चर्चेत दोन गट असतातच. इथेही होते, आणि दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं होतं.

तेजीवाल्यांचा मुद्दा असा. ज्या घरांत अजून पीसी नाही, त्या घरांत आता तो जाणार आहे. आज नफा कमी असेल, पण ग्राहक एकदा आपला झाला की पुढचा पीसीही तो आपलाच घेईल. शिवाय पीसी म्हणजे फक्त खोका नाही, ती घरातली जागा आहे. पडद्यावर जाहिराती दाखवता येतील, कीबोर्डवर खास बटणं देऊन लोकांना ठराविक वेबसाइटवर नेता येईल. खरा पैसा तिथे आहे.

ही कल्पना हवेतली वाटते ना? पण तेव्हा ती गंभीरपणे घेतली जात होती. १९९९ मध्ये ‘फ्री-पीसी’ नावाच्या कंपनीने १०,००० कॉम्प्युटर चक्क फुकट द्यायची योजना जाहीर केली होती. अट एवढीच की स्क्रीनवर कायम जाहिराती दिसणार. दहा लाखांहून जास्त लोकांनी अर्ज केले. त्याच वर्षाच्या अखेरीस ई-मशीन्सने ही कंपनी विकत घेण्याचं ठरवलं.

मंदीवाल्यांचा मुद्दा साधा होता. या खोक्यात कंपनीचं स्वतःचं काय आहे? प्रोसेसर दुसऱ्याचा, विंडोज दुसऱ्याची, बांधणी दुसऱ्याची, दुकानही दुसऱ्याचं. उद्या कोणी ३७९ ला पीसी आणला तर आजचा ग्राहक तिकडे जाईल. जो केवळ किमतीसाठी आला, तो किमतीसाठीच जाणार.

कोण बरोबर होतं? आधी एक छोटा हिशोब करू, मग उत्तर आपोआप मिळेल.

५०० डॉलरच्या पीसीचा हिशोब

खालचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. ते कुठल्याही एका कंपनीच्या ताळेबंदातले नाहीत.

* ग्राहक दुकानात देतो: ५०० डॉलर
* दुकानदाराचा वाटा: ५० डॉलर
* कंपनीला मिळाले: ४५० डॉलर
* प्रोसेसर, विंडोज, डिस्क, रॅम, जोडणी: ४०० डॉलर
* उरले: ५० डॉलर. याला ढोबळ नफा किंवा ग्रॉस मार्जिन म्हणतात.
* वाहतूक, जाहिरात, पगार, वॉरंटी, परत आलेला माल: ४० डॉलर
* खरा उरलेला नफा: १० डॉलर

४५० डॉलरच्या विक्रीवर १० डॉलर, म्हणजे सव्वादोन टक्के. आता या १० डॉलरवर किती माणसं टपलेली आहेत बघा.

पीसी बंद पडला म्हणून ग्राहकाने कस्टमर केअरला दोन वेळा फोन केला, की फोन उचलणाऱ्या माणसाच्या पगारातच ते १० डॉलर गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! पीसी परत आला तर मागच्या कितीतरी पीसींचा नफा एका झटक्यात साफ. आणि दुसऱ्या कंपनीने किंमत फक्त २० डॉलरने उतरवली, तर आपल्यालाही उतरवावी लागते. मग प्रत्येक पीसीमागे १० डॉलरचा तोटा सुरू.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. २००० डॉलरच्या पीसीवरही फोन येतो, तोही परत येतो, त्यालाही खोका आणि ट्रक लागतो. पण तिथे ढोबळ नफा समजा ४०० डॉलर असेल, तर हे सगळं त्यात सहज बसतं. किंमत निम्मी केली म्हणून खर्च निम्मा होत नाही. स्वस्त पीसीच्या धंद्यातली मूळ अडचण हीच आहे.

मग मलई कोण खातं?

तुम्ही कधी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल्ड पीसी घेतला असेल तर आठवून बघा. आपण दुकानदाराला काय विचारायचो? प्रोसेसर कुठला? रॅम किती? विंडोज कुठली? कॅबिनेट कोणत्या कंपनीचं आहे, हे शेवटी, तेही विचारलं तर.

जो भाग आपण नाव घेऊन मागतो, त्याच्या मालकाला भाव सांगता येतो. जो भाग कोणाचाही चालतो, त्याच्या मालकाला भाव ऐकावा लागतो. पीसीमध्ये नाव घेऊन मागितले जाणारे भाग दोनच होते, इंटेल आणि विंडोज. म्हणूनच त्या काळात इंटेलचा ढोबळ नफा साधारणपणे विक्रीच्या ५० टक्क्यांच्या वर असायचा. पीसी जोडून विकणाऱ्या कंपन्या मात्र १०-१५ टक्क्यांत झगडत होत्या आणि खर्च जाऊन त्यांच्या हातात दोन-चार टक्के उरत होते.

हे चित्र कागदावर सगळ्यात सोप्या पद्धतीने मांडलं ते एसर या तैवानी कंपनीचे संस्थापक स्टॅन शी यांनी, १९९२ च्या सुमारास. त्यांनी एक वक्ररेषा काढली. डाव्या टोकाला संशोधन आणि महत्त्वाचे सुटे भाग, मध्ये जोडणी, उजव्या टोकाला ब्रँड आणि सेवा. दोन्ही टोकांना कमाई जास्त, मध्ये कमी. रेषा हसऱ्या ओठांसारखी दिसते म्हणून तिला ‘स्माइलिंग कर्व्ह’ म्हणतात. एसरचं नाव लक्षात ठेवा, गोष्टीच्या शेवटी ती पुन्हा येणार आहे.

पीसी हा भाजीसारखा नाशवंत माल

दुसरा मुद्दा नवशिक्या गुंतवणूकदाराच्या नजरेतून हमखास सुटतो. तो म्हणजे पडून राहिलेला माल, इन्व्हेंटरी.

मेथीची जुडी सकाळी २० रुपयाला जाते, संध्याकाळी १० ला. पीसीचंही तसंच आहे. सुट्या भागांच्या किमती सतत घसरतात. समजा दर आठवड्याला १ टक्का घसरतात. वरच्या उदाहरणात ४०० डॉलरचे भाग लावून बनवलेला पीसी आठ आठवडे गोदामात आणि दुकानात पडून राहिला, तर आज तोच पीसी दुसरा कोणीतरी ३६८ डॉलरच्या भागांत बनवेल. ३२ डॉलरचा फरक! आपला नफा होता १०. म्हणजे आपण २२ डॉलरने आत गेलो.

वर आणखी एक कलम असतं. दुकानात माल असताना किंमत उतरवली, तर आधीच माल घेतलेल्या दुकानदाराला फरकाची रक्कम कंपनी भरून देते. म्हणजे माल ‘विकला’ गेला असं कंपनीच्या वहीत लिहिलं तरी जोखीम तिच्याच डोक्यावर राहते.

डेल कंपनी इथेच पुढे निघून गेली होती. ती दुकानात माल ठेवतच नव्हती. ग्राहक फोनवर किंवा वेबसाइटवर ऑर्डर द्यायचा, पैसे आधी भरायचा, मग पीसी बनायचा. २००० च्या आसपास डेलकडे जेमतेम पाचेक दिवसांचा माल असायचा. ग्राहकाचे पैसे आधी हातात, पुरवठादाराचं बिल नंतर. खेळतं भांडवल जवळजवळ दुसऱ्यांचंच. त्यामुळे किमतीचं युद्ध पेटलं की डेल अंगावर ओरखडाही न येता लढायची आणि बाकीचे रक्तबंबाळ व्हायचे.

ई-मशीन्सचं काय झालं?

मार्च २००० मध्ये आयपीओतून कंपनीने साधारण १८ कोटी डॉलर उभे केले. वेळ इतकी वाईट की त्याच महिन्यात नॅस्डॅकने शिखर गाठलं आणि तिथून डॉट-कॉमचा फुगा फुटायला लागला. ज्या वेबसाइट जाहिरातींचे पैसे देणार होत्या, त्याच बंद पडू लागल्या. इंटरनेट कंपन्यांच्या ४०० डॉलरच्या सवलती आटल्या. तेजीवाल्यांनी सांगितलेला ‘खरा पैसा’ आलाच नाही. राहिला फक्त खोका, आणि खोक्यात नफा नव्हता.

शेअर १ डॉलरच्या खाली गेला. २००१ मध्ये नॅस्डॅकच्या यादीतून कंपनीचं नाव निघालं. त्याच वर्षाच्या शेवटी, सुरुवातीपासून कंपनीशी संबंधित असलेले लॅप शुन हुई यांनी १.०६ डॉलर भावाने ती विकत घेतली. अख्ख्या कंपनीची किंमत ठरली सुमारे १६ कोटी डॉलर.

आता गोष्टीला वळण येतं. बेस्ट बाय या मोठ्या दुकानसाखळीतून आलेले वेन इनोये २००१ मध्ये कंपनीचे प्रमुख झाले होते. त्यांनी काही जादू केली नाही. मॉडेल मोजकी ठेवली. दुकानात प्रत्यक्ष किती विकलं जातंय हे बघूनच पुढचा माल पाठवायचा, अशी शिस्त लावली. दर्जा सुधारून परत येणारे पीसी कमी केले. कर्मचारी दीडशेच्याही आत. एवढ्या छोट्या कंपनीने २००३ मध्ये १०० कोटी डॉलरहून अधिक विक्री केली, आणि नफ्यात राहून केली.

म्हणजे ‘स्वस्त पीसीत नफा नाही’ हे वाक्यही पूर्ण खरं नाही. नफा आहे, पण तो बारीक आहे. जो खर्च आणि माल दोन्ही आवळून धरतो, त्यालाच तो दिसतो. शिवाय शेअर ९ डॉलरला घेणारा आणि कंपनी १.०६ ला घेणारा, दोघांनी एकाच धंद्यात पैसे घातले. एक बुडाला, एक तरला. फरक होता दिलेल्या किमतीचा.

गेटवे: ८० डॉलरपासून १.९० पर्यंत

जानेवारी २००४ मध्ये गेटवे कंपनीने ई-मशीन्स घ्यायचं जाहीर केलं. मोबदला होता ५ कोटी गेटवे शेअर आणि ३ कोटी डॉलर रोख. गाईच्या ठिपक्यांच्या खोक्यांमुळे ओळखली जाणारी गेटवे कधीकाळी डेलची मोठी प्रतिस्पर्धी होती. १९९९ च्या शेवटी तिचा शेअर ८० डॉलरच्या आसपास होता. पण तिने देशभर स्वतःची दुकानं उघडली होती, आणि दुकानाचं भाडं, माणसं, वीज हे सगळं पीसीच्या नफ्यातून काढायचं होतं. पीसी स्वस्त होत गेले तसा तो नफा आटला, भाडं मात्र तेवढंच राहिलं.

ई-मशीन्सचे इनोये आता गेटवेचे प्रमुख झाले. एप्रिल २००४ मध्ये उरलेली १८८ दुकानं बंद झाली आणि सुमारे २,५०० लोकांची नोकरी गेली. शेअरच्या चर्चेत आपण ‘खर्च कपात’ हा शब्द सहज वापरतो. त्याचा अर्थ असा असतो.

खर्च कमी झाला, तरी धंदा मधल्याच जागेवर होता. इनोये २००६ मध्ये बाहेर पडले. ऑगस्ट २००७ मध्ये एसरने गेटवे विकत घ्यायचं जाहीर केलं, शेअरला १.९० डॉलर भावाने, एकूण ७१ कोटी डॉलरला. ई-मशीन्स हे नावही गेटवेबरोबर एसरकडे गेलं.

एसर: ज्यांनी रेषा काढली तेही त्यात सापडले

२००७ च्या शेवटी असूसने ‘ई पीसी’ हा सात इंची छोटा लॅपटॉप आणला. ४ जीबी फ्लॅश मेमरी, आत लिनक्स. नेटबुकची लाट सुरू झाली. २००८ मध्ये इंटेलने त्यासाठी ‘अ‍ॅटम’ प्रोसेसर दिला आणि एसरने ‘अस्पायर वन’ आणला. विक्री अशी वाढली की २००९ च्या तिसऱ्या तिमाहीत एसरने डेलला मागे टाकून जगात दुसरा क्रमांक गाठला.

बातम्या जोरात होत्या. पण ताळेबंद बघणाऱ्याला वेगळंच दिसत होतं. एसरचा ढोबळ नफा १० टक्क्यांच्या आसपास आणि ऑपरेटिंग नफा दोन-तीन टक्केच होता. इतकंच नाही, नेटबुकमध्ये काय असावं हेसुद्धा मोठ्या प्रमाणात पुरवठादारच ठरवत होते. स्वस्त दरात विंडोज एक्सपी हवी तर स्क्रीन इतक्याच इंचांची आणि रॅम १ जीबीच, अशा मायक्रोसॉफ्टच्या अटी होत्या. सगळ्या कंपन्यांची नेटबुकं जुळी भावंडं दिसायची ती यामुळेच.

एप्रिल २०१० मध्ये अ‍ॅपलचा आयपॅड ४९९ डॉलरला आला आणि नेटबुकची मागणी ओसरायला लागली. एसरने मात्र युरोपातल्या विक्रेत्यांकडे भरपूर माल पाठवून ठेवला होता. मार्च २०११ च्या शेवटी प्रमुख जियानफ्रान्को लान्ची यांनी राजीनामा दिला. जूनमध्ये कंपनीने युरोपातल्या मालाच्या हिशोबापोटी १५ कोटी डॉलरचा फटका जाहीर केला. २०११ साल संपलं ते सुमारे ६६० कोटी तैवानी डॉलरच्या तोट्याने. जगात दुसरा क्रमांक मिळवल्यावर साधारण दोन वर्षांत हे घडलं.

जानेवारी २०१३ मध्ये एसरने ई-मशीन्स हा ब्रँड बंद करत असल्याचं सांगितलं. विकत घेतलेल्या ब्रँडची किंमतही हिशोबात कमी करावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनी सावरायला स्टॅन शी यांना निवृत्तीतून परत यावं लागलं. हो, तेच, ज्यांनी १९९२ मध्ये हसरी रेषा काढली होती.

अ‍ॅपलने स्वस्त लॅपटॉप का नाही काढला?

हा प्रश्न तेव्हा गुंतवणूकदार वारंवार विचारत होते. मंदी आली आहे, नेटबुक विकली जात आहेत, अ‍ॅपल मागे राहील असं अनेकांना वाटत होतं. ऑक्टोबर २००८ मध्ये विश्लेषकांशी बोलताना स्टीव्ह जॉब्ज यांनी सांगितलं की ५०० डॉलरमध्ये टाकाऊ नसलेला कॉम्प्युटर कसा बनवायचा हे आम्हाला माहीत नाही. अ‍ॅपलचा बाजारातला वाटा छोटा होता, पण ढोबळ नफा ३० टक्क्यांच्या वर होता. ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःची असल्यामुळे विंडोजचे पैसे द्यावे लागत नव्हते, आणि ‘मॅक’ दुसरं कोणी बनवत नव्हतं.

याचा अर्थ महाग विकणारा शहाणा आणि स्वस्त विकणारा वेडा असा नाही. स्वस्त पीसी आला म्हणून लाखो घरांत पहिल्यांदा कॉम्प्युटर आला, हा ग्राहकाचा मोठा फायदाच झाला. फक्त ग्राहकाचा फायदा आणि शेअरधारकाचा फायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याचदा एकाचा फायदा दुसऱ्याच्या खिशातून येतो.

मग शेअर बघताना काय तपासायचं?

कॉम्प्युटर, लॅपटॉप किंवा मोबाईल बनवणारी कुठलीही कंपनी असो, तिमाही निकाल आले की हे सहा प्रश्न विचारा.

१. ढोबळ नफा आणि ऑपरेटिंग नफा किती टक्के? एका तिमाहीचा नको, दोन-तीन वर्षांचा बघा. विक्री वाढतेय आणि टक्का घसरतोय, म्हणजे कंपनी भाव पाडून विक्री विकत घेतेय.

२. एका नगाची सरासरी किंमत कुठे चालली आहे? नग २० टक्के वाढले पण किंमत २० टक्के घसरली, तर विक्रीची रक्कम वाढलेली नाही, उलट थोडी घटलीच. गणित करून बघा, १०० चे ९६ होतात.

३. माल किती दिवस पडून आहे? बाजारातल्या वाट्याचे जे आकडे पेपरात येतात ते बहुतेक वेळा ‘शिपमेंट’चे असतात, म्हणजे विक्रेत्यांकडे पाठवलेल्या मालाचे. ग्राहकाने घरी नेलेल्या मालाचे नाहीत. एसरची गोष्ट इथेच फसली होती.

४. नफ्याबरोबर रोख पैसा येतोय का? नफा वहीत दिसतो आणि उधारी व गोदाम फुगत जातं, तेव्हा सावध व्हायचं.

५. खोक्याशिवाय काही विकतात का? सेवा, वाढीव वॉरंटी, ऑफिसांसाठीची मोठी कामं. आणि हा पैसा आज येतोय की ‘पुढे येणार आहे’? ई-मशीन्सच्या वेळी तो कायम पुढे येणारच होता.

६. कंपनीला बाजूला करून दुसरा कोणी तोच माल देऊ शकतो का? उत्तर ‘हो, उद्यापासून’ असं असेल तर नफा बारीकच राहणार.

आणि एक सातवी गोष्ट, प्रश्न नाही तर इशारा. ८० चा शेअर १० वर आला म्हणजे तो स्वस्त झाला असं नसतं. गेटवेचा १० वर आलेला शेअर पुढे १.९० पर्यंत गेला.

हे सगळं जुनं झालं का?

नाही. कोरोनाच्या काळात घरून काम आणि ऑनलाइन शाळा यांमुळे लॅपटॉपची प्रचंड मागणी आली. कंपन्यांनी आणि दुकानांनी माल भरून ठेवला. मग मागणी थंडावली, आणि २०२३ च्या पहिल्या तिमाहीत जगभरातली पीसींची शिपमेंट आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळपास ३० टक्क्यांनी घटली. तोच पडून राहिलेला माल, तीच भाजी.

आपल्याकडेही विषय ताजा आहे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने लॅपटॉप, टॅब्लेट, सर्व्हर भारतात बनावेत म्हणून १७,००० कोटी रुपयांची दुसरी प्रोत्साहन योजना मंजूर केली. त्यानंतर इथे जोडणी करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरची चर्चा खूप वाढली. या कंपन्यांनी रोजगार द्यावा, मोठं व्हावं, हे चांगलंच आहे. पण शेअर घेताना हसरी रेषा डोळ्यांसमोर ठेवा. कंपनी रेषेवर नक्की कुठे उभी आहे? मध्ये असेल, तर तिच्याकडे ई-मशीन्सच्या शेवटच्या वर्षांसारखी खर्चाची आणि मालाची शिस्त आहे का? आणि त्या बारीक नफ्यासाठी बाजार आज किती किंमत मागतोय?

पुढच्या वेळी ‘विक्री दुप्पट’ अशी बातमी वाचली की लगेच अ‍ॅप उघडून ‘बाय’ दाबू नका. आधी तो ५०० डॉलरचा हिशोब आठवा आणि शोधा, शेवटी ते १० डॉलर कोणाच्या खिशात जातायत.

*(हा लेख माहितीसाठी आहे, शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा सल्ला नाही. गुंतवणुकीचा निर्णय स्वतः अभ्यास करून किंवा नोंदणीकृत सल्लागाराशी बोलूनच घ्या.)*